बोलवता धनी कोण? पीआर उद्योगावर नजर ठेवण्याचे काम कसे सुरू करावे

‘ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्क’ हे नाव ऐकले की शास्त्रज्ञांचे एखादे मंडळ डोळ्यांपुढे येते. २०१५ साली ही संस्था लोकांना सांगत होती की लठ्ठपणाच्या बाबतीत आपण खाण्यापिण्याला उगाच जास्त दोष देतो, खरे लक्ष व्यायामाकडे हवे. संकेतस्थळावर प्राध्यापकांची आणि विद्यापीठांची नावे होती. पैसा कोणाचा, तेवढे मात्र नव्हते. कॅनडातल्या एका लठ्ठपणा-तज्ज्ञ डॉक्टरांनी नेमके तेच विचारले. त्या ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापले की संस्था उभी करायला कोका-कोलाने १५ लाख डॉलर दिले होते आणि संकेतस्थळाची नोंदणीही कंपनीच्या अटलांटातल्या मुख्यालयाच्या नावावर होती. कोलोराडो विद्यापीठाने आपल्याला मिळालेले १० लाख डॉलर परत केले आणि वर्ष संपता संपता संस्था गुंडाळली गेली.

पीआर म्हणजे जनसंपर्क. या उद्योगातली ही सर्वांत जुनी युक्ती. कंपनी स्वतः बोलली तर लोक सावध होतात, म्हणून तेच वाक्य डॉक्टरच्या, शेतकऱ्याच्या, ग्राहक संघटनेच्या तोंडी घालायचे. अशा मुखवटा संस्थांमागचा बोलवता धनी शोधणे हेच काही ना-नफा संस्थांचे काम आहे. त्यांची पद्धत शिकायला पत्रकारितेची पदवी लागत नाही. लागते ती चिकाटी, एक तक्ता आणि कोणता कागद कुठे मिळतो याची माहिती. हा लेख त्या तिसऱ्या गोष्टीसाठी आहे.

आधी कोणाचे काम पाहावे

अमेरिकेत जॉन स्टॉबर यांनी १९९३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात ‘सेंटर फॉर मीडिया अँड डेमोक्रसी’ स्थापन केले. ‘पीआर वॉच’ हे त्यांचे नियतकालिक. २००३ मध्ये त्यांनी एक विकी, म्हणजे अनेकांनी मिळून लिहायचा ऑनलाइन कोश सुरू केला, जो पुढे ‘सोर्सवॉच’ म्हणून ओळखला गेला. त्यात मुखवटा संस्था, पीआर एजन्सी आणि त्यांची गिऱ्हाइके यांची पाने आहेत. युरोपात १९९७ पासून ‘कॉर्पोरेट युरोप ऑब्झर्व्हेटरी’, जर्मनीत ‘लॉबीकंट्रोल’, ब्रिटनमध्ये ‘स्पिनवॉच’. हवामानबदलाविषयीच्या अपप्रचारावर कॅनडातून २००६ मध्ये सुरू झालेला ‘डीस्मॉग’, आणि त्याचे संस्थापक जेम्स हॉगन स्वतः पीआर व्यावसायिक! अन्नउद्योगासाठी ‘यूएस राइट टु नो’.

नवख्या माणसाने लगेच स्वतःची संस्था काढू नये. यांपैकी एकाचा कोणताही एक अहवाल घ्या आणि तो उलटा वाचा, म्हणजे आधी तळटीपा आणि मग मजकूर. प्रत्येक विधान कोणत्या कागदावर उभे आहे ते पाहा. दहा तळटीपांमागचे मूळ कागद स्वतः उघडून पाहिलेत तर पुढचे अर्धे काम शिकून झाले असे समजा.

या सगळ्या कामाचा एक मूळ नियम आहे. घेणारा लपवतो, पण देणाऱ्याला कुठेतरी लिहावे लागते. मुखवटा संस्थेच्या दप्तरात देणगीदाराचे नाव बहुधा सापडत नाही. ते देणगीदाराच्या खर्चात, एजन्सीच्या नोंदणीत किंवा सरकारच्या फायलीत सापडते. म्हणून शोध नेहमी देणाऱ्याच्या बाजूने करायचा.

पहिली पायरी: प्रश्न लहान करा आणि पान साठवा

“साखर उद्योग पीआरवर किती खर्च करतो?” हा प्रश्न वर्षभर पुरेल आणि हाती काही लागणार नाही. “ही एक संस्था कोणाच्या पैशावर चालते आणि तिची पत्रके कोण लिहितो?” याला उत्तर मिळू शकते. एक संस्था, एक मोहीम, दोन किंवा तीन वर्षांचा काळ एवढेच घ्या.

शोध सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या संकेतस्थळाची ‘आमच्याविषयी’, ‘सल्लागार’, ‘भागीदार’, ‘संपर्क’ ही पाने ‘वेबॅक मशीन’ या जुन्या वेबपानांच्या ऑनलाइन संग्रहात साठवा. सोबत स्वतःच्या संगणकावर पीडीएफ ठेवा आणि फाइलच्या नावात तारीख घाला. हे पहिल्या दिवशीच करायचे, कारण तुमचा एक ईमेल गेला की पाने बदलू लागतात. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. त्यात पत्ता आणि वेळ दिसत नसेल तर उद्या तो तुम्हीच बनवला असे कोणी म्हणू शकते.

त्याच पानांच्या जुन्या आवृत्त्याही पाहा. गळलेली नावे फार बोलकी असतात. तीन वर्षांपूर्वी ‘भागीदार’ यादीत असलेली कंपनी आज नसेल तर ती तारीख टिपून ठेवा.

संकेतस्थळ कोणाच्या नावावर आहे हे पूर्वी ‘हूइज’ नोंदीत एका मिनिटात कळायचे. २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक नोंदींतली नावे झाकली जातात. त्याआधीच्या नोंदी मात्र जुन्या हूइज नोंदींच्या संग्रहांत सापडतात. आजच्या साइटसाठी पोस्टाचा पत्ता, फोन नंबर आणि पत्रकाच्या तळाशी ‘माध्यमांसाठी संपर्क’ म्हणून दिलेल्या ईमेलचा डोमेन पाहा. संस्था ‘नागरिकांची’ आणि संपर्काचा ईमेल पीआर एजन्सीचा, हे अनेकदा उघड्यावर पडलेले असते.

दुसरी पायरी: नमुना ९९०, आणि त्यातली योग्य पाने

अमेरिकेतल्या बहुतेक करमुक्त संस्थांना दरवर्षी आयकर खात्याला नमुना ९९० भरावा लागतो आणि तो सर्वांसाठी खुला असतो. ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता संस्थेच्या ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’वर तो फुकट पाहता येतो. शोध नावाने करू नका, नऊ आकडी ईआयएन, म्हणजे आयकर खात्याने दिलेल्या ओळख क्रमांकाने करा. सारख्या नावाच्या दोन-तीन संस्था हमखास असतात आणि नवख्यांची सर्वांत लाजिरवाणी चूक इथेच होते.

संस्था फार लहान असेल तर निराशा होईल. वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत जमा असलेल्यांना फक्त ‘पोस्टकार्ड’ म्हणजे ९९०-एन भरावे लागते आणि त्यात पैशाचा तपशील नसतो. त्याच्या वरच्यांसाठी ९९०-ईझेड, आणि २ लाख डॉलर जमा किंवा ५ लाख डॉलर मालमत्ता ओलांडली की पूर्ण ९९०.

पूर्ण नमुन्यात कुठे पाहायचे? भाग सातच्या ‘ए’ विभागात पदाधिकारी आणि त्यांचे मानधन असते. एकच माणूस चार संस्थांत अध्यक्ष असेल आणि चारही ठिकाणी आठवड्याला काही तासच देत असेल, तर त्या चारही संस्था एकाच कार्यालयातून चालतात का ते तपासा. त्याच भागाचा ‘बी’ विभाग आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. त्यात १ लाख डॉलरहून जास्त घेणाऱ्या सर्वांत मोठ्या पाच कंत्राटदारांची नावे, कामाचे स्वरूप आणि रक्कम द्यावी लागते. पीआर एजन्सी इथे सापडते. भाग नऊमध्ये जाहिरात आणि प्रसिद्धीचा खर्च वेगळ्या ओळीवर येतो. परिशिष्ट ‘आय’मध्ये या संस्थेने दुसऱ्या संस्थांना दिलेले ५,००० डॉलरवरचे अनुदान, ‘आर’मध्ये संलग्न संस्था, ‘सी’मध्ये लॉबिंग, म्हणजे खासदार आणि अधिकाऱ्यांवर प्रभाव टाकण्यासाठी केलेले काम.

आणि परिशिष्ट ‘बी’, म्हणजे देणगीदारांची यादी? लोकांसाठी असलेल्या प्रतीत ती नावे नसतात. नवखे लोक इथे अडकून बसतात. इथेच वरचा नियम वापरायचा. मुखवटा संस्थेचे ९९० बंद करा आणि ज्या व्यापारी संघटनांवर संशय आहे त्यांची ९९० उघडून परिशिष्ट ‘आय’मध्ये मुखवटा संस्थेचे नाव शोधा. खासगी प्रतिष्ठाने ९९०-पीएफ भरतात आणि त्यांच्या अनुदानांची पूर्ण यादी खुली असते. वाट तुटते ती ‘डोनर ॲडव्हाइज्ड फंड’पाशी. मूळ दाता आधी त्या फंडाला देतो, फंड पुढे देतो आणि कागदावर फक्त फंडाचे नाव उरते. अशा वेळी “मूळ दाता कागदावर दिसत नाही” असे स्पष्ट लिहा. अंदाजाने नाव भरू नका.

भाग सातच्या ‘बी’ विभागाने काय साधते याचे एक उदाहरण. ‘सेंटर फॉर पब्लिक इंटेग्रिटी’ने २०१५ च्या सुरुवातीला मोठ्या व्यापारी संघटनांच्या २००८ ते २०१२ या वर्षांतल्या ९९० मधली कंत्राटे एकत्र मांडली. जाहिरात, पीआर आणि प्रसिद्धीवरचा खर्च लॉबिंगच्या खर्चापेक्षा मोठा निघाला. तेल उद्योगाची संघटना ‘अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट’ने त्या काळात एकट्या एडलमन एजन्सीला ३२ कोटी डॉलरहून जास्त दिले होते. पण हा आकडा वाचताना सांभाळा. एजन्सीमार्फत टीव्हीवरची वेळ आणि वर्तमानपत्रांतली जागा विकत घेतली जाते, तो पैसाही याच रकमेत असतो. ‘दिलेली रक्कम’ लिहा, ‘कमाई’ लिहू नका. शिवाय यादी पाचांचीच असते, सहावा कंत्राटदार दिसत नाही.

आणखी एक खाचखळगा वर्षाचा. कॅलेंडर वर्ष पाळणाऱ्या संस्थेला पुढच्या वर्षी १५ मेपर्यंत ९९० भरायचे असते. मुदतवाढ घेतली तर १५ नोव्हेंबर, आणि ते संकेतस्थळावर दिसायला आणखी काही महिने. म्हणजे तुमच्या हातातला आकडा दीड-दोन वर्षांपूर्वीचा असतो. “संस्था पैसे घेते” असे लिहू नका, “२०२२ या करवर्षात घेतले” असे लिहा.

तिसरी पायरी: सरकारी नोंदवह्या

एजन्सीचे गिऱ्हाईक परदेशी सरकार किंवा परदेशी पक्ष असेल तर अमेरिकेत काम फार सोपे होते. ‘फॉरेन एजंट्स रजिस्ट्रेशन ॲक्ट’, बोलीत ‘फारा’, १९३८ चा. आधुनिक पीआरचे एक जनक आयव्ही ली यांनी जर्मन रसायन कंपनी आय. जी. फार्बेनसाठी काम केल्याचे १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, चौकशी समितीपुढे आले. त्या काळच्या नाझी प्रचाराच्या चौकशीतून हा कायदा निघाला. करार झाल्यापासून दहा दिवसांत एजन्सीने न्याय खात्याकडे नोंदणी करायची असते. ‘एक्झिबिट ए’मध्ये गिऱ्हाईक कोण आणि ‘एक्झिबिट बी’मध्ये खुद्द करार किंवा त्याच्या अटी असतात. दर सहा महिन्यांनी पूरक विवरण येते आणि त्यात मिळालेले पैसे, केलेला खर्च, कोणत्या पत्रकाराशी किंवा खासदाराशी कधी संपर्क झाला हेही असते. वाटलेला प्रचारमजकूर ४८ तासांत दाखल करावा लागतो. हे सगळे ऑनलाइन फुकट आहे. सुरुवात ‘एक्झिबिट बी’पासून करा. करारातली ‘कामाची व्याप्ती’ वाचली की पुढच्या सहा महिन्यांत कोणत्या बातम्या दिसणार याचा अंदाज येतो.

इराकने कुवेत बळकावल्यानंतरचे एक प्रकरण या नोंदींची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवते. १० ऑक्टोबर १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये ‘नायिरा’ एवढेच नाव सांगणाऱ्या १५ वर्षांच्या मुलीने इराकी सैनिकांनी इस्पितळात इन्क्युबेटरमधून बाळे काढून टाकल्याची साक्ष दिली. ज्यांच्यापुढे ती बोलली तो ‘मानवी हक्क कॉकस’ हा खासदारांचा गट होता. ती काँग्रेसची अधिकृत समिती नव्हे, त्यामुळे शपथेवर खोटे बोलल्याच्या गुन्ह्याचा धाकही नव्हता. साक्षीची तयारी ‘हिल अँड नोल्टन’ या पीआर कंपनीने केली होती आणि तिचे गिऱ्हाईक ‘सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत’ ही ‘नागरिकांची’ संस्था. फाराच्या नोंदींनुसार या संस्थेला कुवेत सरकारकडून आलेले पैसे होते १ कोटी १९ लाख डॉलर, आणि व्यक्तींकडून १७,८६१ डॉलर. म्हणजे ‘नागरिक’ कोण हे दप्तरात लिहिलेले होते. पण ती मुलगी कुवेतच्या राजदूतांची मुलगी आहे हे जाहीर व्हायला जानेवारी १९९२ उजाडले, तोवर युद्ध होऊन गेले होते. दप्तर नुसते खुले असून भागत नाही. बातमी ताजी असताना कोणीतरी ते उघडावे लागते, आणि म्हणूनच हे काम करणाऱ्या संस्था हव्यात.

परदेशी खासगी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या एजन्सी अनेकदा फाराऐवजी १९९५ च्या लॉबिंग कायद्याखाली नोंद करतात. तिथली विवरणे तिमाही असतात आणि तपशील खूपच कमी. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, की त्या कायद्यात खासदार आणि अधिकाऱ्यांशी थेट केलेला संपर्क मोजला जातो. वर्तमानपत्रातले लेख, जाहिराती, ‘जनतेची पत्रे’ मोजली जात नाहीत. “लॉबिंग नोंदीत पीआरचा खर्च शून्य आहे” हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा. तो पैसा त्या वहीत लिहायचाच नसतो.

ब्रुसेल्समध्ये २०११ पासून युरोपीय संघाचे ‘ट्रान्सपरन्सी रजिस्टर’ आहे. त्यात सल्लागार एजन्सी आपली गिऱ्हाइके आणि प्रत्येकाकडून मिळालेली रक्कम किती ते किती या दरम्यान होती ते देतात. तीच माहिती वर्षांनुसार ताडून पाहायला ‘लॉबीफॅक्ट्स’ हे संकेतस्थळ वापरा, ते जास्त सोयीचे आहे. आकडे स्वतः जाहीर केलेले असतात हे विसरू नका. एजन्सीने गिऱ्हाईक दाखवले आणि गिऱ्हाइकाच्या नोंदीत एजन्सी नाही, अशी विसंगती मिळाली तर ती स्वतंत्र तक्रारीचा विषय होते.

चौथी पायरी: मजकूर मजकुराशी लावणे

पैशाची वाट तुटली तरी शब्दांची वाट उरते. ‘सेंटर फॉर मीडिया अँड डेमोक्रसी’चे २००६ मधले काम या बाबतीत आदर्श आहे. पीआर कंपन्या तेव्हा टीव्हीसाठी तयार बातम्या बनवत. दीड-दोन मिनिटांची फीत, सोबत संहिता, वेगळी सुटी दृश्ये आणि काढून टाकता येईल असा निवेदकाचा आवाज. वाहिनीने फक्त आपला आवाज आणि आपले बोधचिन्ह लावायचे. संस्थेने दहा महिने अशा ३६ फितींचा माग काढला. मूळ फीत एका बाजूला आणि प्रत्यक्ष प्रसारण दुसऱ्या बाजूला ठेवून तुलना केली. ७७ वाहिन्यांनी त्या फिती प्रायोजकाचे नाव न सांगता स्वतःची बातमी म्हणून दाखवल्याचे उघड झाले. दोन्ही फिती शेजारी शेजारी ठेवलेल्या असल्यामुळे नाकारायला जागाच उरली नाही. २००७ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने कॉमकास्टच्या केबल वाहिनीला अशाच एका प्रसारणासाठी ४,००० डॉलर दंड केला. दंड किरकोळ होता, पण प्रायोजकाचे नाव सांगण्याचा नियम तयार बातम्यांनाही लागू होतो हे त्यातून ठरले.

आज हीच तुलना लिखित मजकुरावर करता येते. पत्रकातला आठ-दहा शब्दांचा एक तुकडा निवडा आणि अवतरणचिन्हांत घालून शोधा. तुकडा चमकदार नको, विचित्र हवा. “महत्त्वाची भूमिका बजावते” हजार ठिकाणी सापडेल. अवघडलेली वाक्यरचना, चुकलेला आकडा, अनोखे विशेषण निवडा. मराठीत काम करत असाल तर एक खास खूण आहे. पत्रक बहुधा इंग्रजीतून भाषांतरित होऊन येते. त्यामुळे भाषांतरातली तीच चूक चार दैनिकांत सापडली तर चौघांकडे एकच कागद आला हे जवळपास नक्की. अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घाचे फरक लक्षात घेऊन दोन-तीन रूपांनी शोधा, आणि मूळ इंग्रजी वाक्याचा अंदाज बांधून तेही शोधा. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत “हा मजकूर वृत्तसंस्थेने पुरवलेल्या सशुल्क पत्रकावर आधारित” अशा अर्थाची सूचना आहे का पाहा. ती असेल तर वृत्तपत्राने लपवले असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत परस्परांच्या स्पर्धेत असलेल्या मराठी दैनिकांत एकच स्तुतिपर मजकूर शब्दशः छापून आल्याचे पी. साईनाथ यांनी अंक शेजारी ठेवूनच दाखवले. ‘पेड न्यूज’ हा शब्द त्यानंतर घराघरांत पोचला. युरोपात २०१३ मध्ये ‘लॉबीप्लॅग’ या प्रकल्पाने डेटासंरक्षण कायद्यावरच्या दुरुस्त्या आणि कंपन्यांची निवेदने यांची अशीच जोडी लावली. खासदारांनी सुचवलेली काही वाक्ये निवेदनांतून जशीच्या तशी उचललेली निघाली.

एक इशारा. सारखा मजकूर म्हणजे पैसे दिल्याचा पुरावा नव्हे. आळसामुळेही पत्रक जसेच्या तसे छापले जाते. “मजकूर सारखा आहे” एवढेच लिहा आणि पैशासाठी वेगळा कागद शोधा.

पाचवी पायरी: जुनी दप्तरे

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत ‘इंडस्ट्री डॉक्युमेंट्स लायब्ररी’ आहे. तंबाखू कंपन्यांविरुद्धचे खटले आणि १९९८ मध्ये ४६ राज्यांशी झालेला समझोता यांतून बाहेर आलेले लाखो अंतर्गत कागद तिथे ऑनलाइन आहेत. त्याला आता औषध, रसायन, अन्न आणि इंधन उद्योगांचीही जोड मिळाली आहे. डिसेंबर १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात सिगारेट कंपन्यांचे प्रमुख जमले, ‘हिल अँड नोल्टन’ला काम दिले गेले आणि ४ जानेवारी १९५४ रोजी चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत ‘आम्ही संशोधन करू’ असे सांगणारे निवेदन झळकले. हे सगळे कसे शिजले ते तिथल्या कागदांत वाचता येते. मुखवटा संस्थेची कार्यपद्धती समजून घ्यायला याहून चांगली शाळा नाही.

शोधताना कंपनीच्या नावापेक्षा एजन्सीचे नाव, माणसांची आद्याक्षरे आणि मोहिमेचे टोपणनाव टाका. जुने कागद यंत्राने वाचलेले असल्याने अक्षरे चुकतात, म्हणून चुकीची स्पेलिंगेही टाकून पाहा. संदर्भ देताना प्रत्येक पानावर छापलेला ‘बेट्स क्रमांक’ लिहा. दुवे बदलतात, तो क्रमांक बदलत नाही. आणि मसुदा म्हणजे निर्णय नव्हे. एजन्सीने सुचवलेली प्रत्येक योजना अमलात आली असे समजून लिहिलेले अहवाल तोंडघशी पडलेले आहेत.

भारतात, महाराष्ट्रात

आपल्याकडे लॉबिंगचा कायदा नाही, नोंदवहीही नाही. त्यामुळे वाट लांबची आहे, पण बंद नाही. संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची, म्हणजे ना-नफा कंपनी असेल तर कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावे फुकट दिसतात, ताळेबंद थोडे शुल्क भरून पाहता येतो. महाराष्ट्रातला सार्वजनिक न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परिशिष्ट एकचा उतारा, बदल अर्ज आणि लेखापरीक्षण अहवाल यांच्या नकला मागता येतात. विश्वस्तांची नावे आणि पत्ते तिथे मिळतात. परदेशी देणग्यांची तपशीलवार माहिती पूर्वी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सहज मिळे. २०२२ पासून ती खूपच आटली आहे.

सरकारी प्रसिद्धीसाठी मात्र माहिती अधिकार हे उत्तम हत्यार आहे. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस, पहिल्या अपिलाला २० रुपये. “पीआरवर किती खर्च केला?” असे विचारले तर “अशी माहिती संकलित केलेली नाही” हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी कागद मागा: अमुक आर्थिक वर्षात जनसंपर्क, समाजमाध्यम किंवा प्रसिद्धी सल्लागार नेमण्याचा शासन निर्णय, निविदेची प्रत, कार्यादेश, आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती. कार्यादेश मिळाला की त्यात दरमहा किती पोस्ट, किती बातम्या ‘आणायच्या’ हे लिहिलेले असते. व्यापारी गुपिताचे कारण देऊन नकार आला तर अपिलात मांडा की निविदा पूर्ण झाली आहे आणि पैसा सार्वजनिक आहे.

लिहिताना: क्रियापद जपून

तक्त्यात चार स्तंभ करा: विधान, कागद, पान आणि तारीख, तुमची खात्री. मग प्रत्येक विधानातले क्रियापद तपासा. ‘पैसे घेतले’, ‘स्थापन केली’, ‘चालवते’, ‘मजकूर लिहून दिला’ ही चार वेगळी विधाने आहेत आणि प्रत्येकाला वेगळा कागद लागतो. परिशिष्ट ‘आय’ने पहिले सिद्ध होते. तिसऱ्यासाठी समान पदाधिकारी, समान पत्ता, कंत्राट यांपैकी काहीतरी हवे. चौथ्यासाठी मसुदा किंवा ईमेल. एका कागदावर चारही क्रियापदे उभी करणे हा या क्षेत्रातला सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग अपराध आहे. समोरचा एक चूक पकडतो आणि तिच्या आडोशाने बाकीचे खरे पुसून टाकतो.

छापण्याआधी संबंधितांना लेखी प्रश्न पाठवा. प्रश्नांना क्रमांक द्या, कागदाचा उल्लेख करा आणि किमान पाच कामाचे दिवस द्या. उत्तर आले तर त्यातला अर्थ न बदलता छापा. फोनवर “हे नाव न घेता सांगतो” असा प्रस्ताव आला तर आधी अटी ठरवा, मग ऐका. भारतात बदनामी हा दिवाणी दाव्यासोबत फौजदारी गुन्हाही आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली. सत्य आणि लोकहित हा बचाव आहे, पण तो तुमच्या तक्त्यावरच उभा राहतो. एखाद्या वकिलाला मसुदा दाखवल्याशिवाय नाव घेऊन आरोप छापू नका.

नजर ठेवणाऱ्या संस्थेलाही हीच फूटपट्टी लावा. तिचे ९९० उघडा, तिला कोण पैसा देते पाहा, आणि तिच्या अहवालातले निदान एक विधान मूळ कागदापर्यंत जाऊन तपासा. सोर्सवॉचसारखा विकी वाटाड्या म्हणून वापरा, पुरावा म्हणून नाही. पानावरचा संदर्भ उघडून तोच उद्धृत करा.

तक्रार कुठे

अहवाल छापून थांबायचे नसेल तर योग्य दार ठोठवा. दक्षिण आफ्रिकेत गुप्ता या उद्योजक कुटुंबाच्या ओकबे कंपनीसाठी वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवल्याबद्दल तिथल्या ‘डेमोक्रॅटिक अलायन्स’ पक्षाने ब्रिटनच्या पीआर व्यावसायिकांच्या संघटनेकडे बेल पॉटिंजर या पीआर कंपनीविरुद्ध तक्रार केली. सप्टेंबर २०१७ मध्ये संघटनेने कंपनीला निदान पाच वर्षांसाठी काढून टाकले, गिऱ्हाइके सोडून गेली आणि त्याच महिन्यात कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली. व्यवसाय-संघटनेची आचारसंहिता अनेकदा कायद्यापेक्षा लवकर चावते, मात्र कंपनी त्या संघटनेची सभासद असेल तरच. आधी सभासदांची यादी पाहा.

भारतात जाहिरात किंवा इन्फ्लुएन्सरने प्रायोजन लपवले असेल तर मुंबईची जाहिरात मानक परिषद, म्हणजे ‘अस्की’, ऑनलाइन तक्रार घेते. वर्तमानपत्रातल्या मजकुराबाबत प्रेस कौन्सिलकडे जाण्याआधी संपादकांना लेखी कळवावे लागते, आणि दैनिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांची मुदत असते. संपादकांना पाठवलेल्या पत्राची पोच जपून ठेवा, तक्रारीला तिची प्रत जोडावी लागते.

प्रकाशनानंतर दुरुस्त्यांसाठी पानावर तारीखवार जागा ठेवा. अमेरिकी संस्थेवर लिहिले असेल तर पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर १५ मे आणि १५ नोव्हेंबर या दोन तारखांना खूण करा. नवे ९९० आले की आधी भाग सातचा ‘बी’ विभाग उघडा आणि एजन्सीचे नाव बदलले का ते पाहा.